यॉर्कचा तट आणि अमरावतीचा परकोट

वऱ्हाडातल्या बहुतेक घरांतलं एक तरी माणूस हल्ली पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात असतं. ते दिवाळीत घरी येतं, सोबत कधी एखादा मित्र येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पाहुणा विचारतो, "इथं पाहण्यासारखं काय आहे?" आपण चिखलदरा म्हणतो, शेगाव म्हणतो आणि थांबतो. हे थांबणं मला खटकतं. पाचशे वर्षांपूर्वी एका शाहीची राजधानी इथं होती. लीळाचरित्र इथल्याच एका खेड्यात लिहिलं गेलं. एका मंदिराचं दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून इथं सत्याग्रह झाला. अशा मुलखाची यादी दोन नावांत संपते, यात दोष मुलखाचा नाही.

माझ्या घरात या विषयावर दोन ठाम मतं आहेत. एक मामांचं. मामा अमरावतीच्या परकोटाच्या आत वाढले, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, आणि त्यांची बहुतेक भ्रमंती जत्रांच्या निमित्तानं झाली. दुसरं माझ्या मावसबहिणीचं. ती मूळची अकोल्याची, आता नोकरीसाठी इंग्लंडात यॉर्कला राहते. यॉर्क हे जुन्या कॅथेड्रलचं शहर आहे. भोवती दगडी तट, मध्यभागी मिन्स्टर नावाचं प्रचंड चर्च, आणि वर्षभर पाहुण्यांची रीघ. ती घरी आली की मामा-भाचीचं जुंपतं. या खेपेला मी जवळ बसून ते टिपून घेतलं. मामांची बोली आहे तशीच ठेवली आहे.

भाची : मामा, यॉर्कचा तट साधारण साडेतीन किलोमीटरचा आहे. त्याच्यावरून कुणालाही चालता येतं, पैसे लागत नाहीत. खाली बागा दिसतात, एका वळणावर मिन्स्टरचे मनोरे दिसतात. आपला परकोट किती लांब आहे?

मामा : सव्वादोन मैल. म्हंजे तेवढाच झाला. १८०७ साली निजामाच्या सरकारनं बांधला. अमरावतीची पेठ तवा कापसानं अन् सावकारीनं भरलेली, अन् पेंढारी येऊन लुटून जायचे. म्हून वीस ते सव्वीस फूट उंच दगडी भिंत घातली. पाच दरवाजे अन् चार खिडक्या. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट. तू इथं आली का त्याच्यातूनच जाते.

भाची : जाते, म्हणूनच बोलते. तटाला टेकून टपऱ्या आहेत, दगडांच्या सांध्यांतून झाडं उगवली आहेत. तुम्ही सांगितलेलं साल आणि कारण दारातून जाणाऱ्या किती पोरांना माहीत असेल?

मामा : पोरायले नसन माहीत. पण तट मेला नाई. लोकं त्याच्यातून भाजी आणाले जातात, लग्नाची वरात त्याच्यातून निघते. तुह्या यॉर्कात तटावर फक्त पाहुणे चालतात. आमचा तट अजून कामावर हाये.

भाची : यॉर्कच्या दारांतूनही बस जातात, मामा. आणि तोही तट सहज वाचलेला नाही. १८०० साली तिथल्या नगरपालिकेनंच तो पाडायची परवानगी मागितली होती. डागडुजीला पैसा लागतो, रस्ते अरुंद होतात, असं तिचं म्हणणं. काही भाग पाडलाही. दरवाजांच्या पुढं भिंतींनी बंदिस्त केलेली अंगणं होती, त्यातलं आज एकच शिल्लक आहे, वॉमगेटचं. विल्यम एटी नावाच्या चित्रकारानं विरोध केला, गावातले लोक उभे राहिले. १८२४ च्या सुमारास नागरिकांनी एक मंडळ काढलं, वर्गणी जमवली आणि तटावरची पायवाट दुरुस्त करायला सुरुवात केली.

मामा : वर्गणी काढली?

भाची : हो, वर्गणी.

मामा : मंग ते आपल्यातलेच म्हणायचे.

मामांचा आवाज इथं बदलला. परदेशातली नीटनेटकी गोष्ट म्हणजे सरकारनं आयती करून दिलेली, असा आपला समज असतो. त्या तटाला वाचवणारी माणसं कुठल्याही खात्यातली नव्हती, हे कळल्यावर त्यांना यॉर्क थोडं जवळचं वाटलं. मग त्यांनी स्वतःहून खुनारी खिडकीची गोष्ट काढली. परकोटाच्या चार खिडक्यांपैकी ही एक. १८१८ साली तिच्याजवळ मोठी मारामारी झाली आणि सातशे माणसं मेली, असं इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात नोंदलं आहे. नाव तिथून पडलं. एवढी मोठी घटना, आणि गावात ती आता फक्त एका नावात उरली आहे.

भाची : मिन्स्टर आतून पाहायचं तर तिकीट आहे, आणि चांगलंच महाग आहे. प्रार्थनेला येणाऱ्याला तिकीट नाही. त्या पैशातून इमारत सांभाळतात. त्यांचे स्वतःचे पाथरवट आहेत, काचकाम जपणारे कारागीर आहेत. पूर्वेकडची एक रंगीत काचेची खिडकी १४०५ ते १४०८ या काळात जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिरानं केली. ती पूर्ण उतरवून, दुरुस्त करून परत बसवायचं काम २०१८ मध्ये संपलं. १९८४ मध्ये वीज पडून एका बाजूचं छप्पर जळालं होतं. नवं छप्पर घालताना त्यातली काही लाकडी फुलं लहान मुलांनी काढलेल्या चित्रांवरून कोरली. टीव्हीवर त्यासाठी स्पर्धा ठेवली होती.

मामा : हे चांगलं केलं. पण अंबादेवीले तिकीट लावा म्हणशीन तं मी नाई ऐकणार. नवरात्रात पहाटेपासून बाया अनवाणी येतात. रुक्मिणी कौंडण्यपुराहून याच देवीच्या दर्शनाले आली अन् इथूनच कृष्णानं तिले नेलं, अशी आपली कथा हाये. त्या बाईले दारात कोन अडवन?

भाची : अडवलंच होतं ना, मामा. तिकिटानं नाही, जातीनं.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग ते खुर्चीत सरसावून बसले आणि वर्गात बोलावं तसं बोलू लागले.

मामा : खरं हाये. १९२७ साली अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यायले प्रवेश मिळावा म्हून सत्याग्रह उभा राह्यला. पंजाबराव देशमुख पुढं होते. विलायतेतून शिकून आलेला, पापळच्या शेतकऱ्याचा पोरगा. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेले अध्यक्ष म्हून आले. परिषद चालू असतानाच त्यायच्या भावाच्या मरणाची तार आली. महाड त्याच वर्षातलं, काळाराम मंदिर त्याच्या नंतरचं. दोन्ही नावं पोरं पाठ करतात. आपल्या गावचं हे मधलं पान कोणी उघडत नाई. मी शिकवलं. पण पुस्तकात ते एका ओळीचं होतं.

भाची : मग पाहुण्याला देवळात नेताना आधी हेच सांगायला हवं. यॉर्कमध्ये तेराव्या शतकात दीडशेच्या आसपास ज्यू माणसं राजाच्या मनोऱ्यात अडकून मेली. नाही, चुकले, ११९० साली, म्हणजे बाराव्या. क्लिफर्ड्स टॉवर आज त्याच जागी उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी तसा दगड लावला आहे. गावाला लाज वाटेल अशी गोष्ट गावानंच लिहून ठेवली. वाचल्यावर मला त्या गावाबद्दल जास्त आदर वाटला.

माझं मत इथं भाचीच्या बाजूनं आहे. अंबादेवीच्या दारापाशी रुक्मिणीहरणाची कथा आपण प्रेमानं सांगतो, ती सांगायलाच हवी. पण त्याच दारावर माणसांनी माणसांसाठी दिलेला लढा तितक्याच मोठ्या आवाजात सांगितला, तर येणारा पाहुणा या शहराला ओळखून जाईल. याच शहरात १८९७ साली शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान आखाड्याच्या मल्लांनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं तेही इथंच. यातलं कुठलंही ठिकाण गावापासून लांब नाही.

पुढं बोलणं किल्ल्यांकडे वळलं.

भाची : यॉर्कजवळ लीड्स आहे. तिथल्या मोठ्या मैदानापाशी वेलिंग्टनचा पुतळा आहे, वॉटर्लूचा विजेता म्हणून. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, या माणसाची ओळख मला चिखलदऱ्याची आहे.

मामा : बरोबर वाटलं. तवा तो ड्यूक नव्हता, नुसता आर्थर वेलस्ली होता. १८०३ साली सप्टेंबरात असईची लढाई, २९ नोव्हेंबरले अकोला जिल्ह्यात अडगावची, अन् १५ डिसेंबरले गाविलगड. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यायच्या हातून गेला. महिनाअखेरीस आपल्या अंजनगाव सुर्जीत शिंद्यायचा तह झाला. एका महिन्यात, दोन-तीन तालुक्यायच्या आत हिंदुस्थानच्या नकाशाची उलथापालथ झाली, अन् आपले लोकं चिखलदऱ्याले मक्याचं कणीस खाऊन परत येतात.

भाची : कणीस खाऊ द्या हो. पण किल्ला तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

मामा : मी पोरायले नेत होतो तवा आधी दिल्ली दरवाजापाशी उभं करायचो. वर गंडभेरुंड कोरला हाये. दोन तोंडाचा पक्षी, चोचीत हत्ती धरलेले. मंग सांगायचो की गाविलगडाची मोठी दुरुस्ती फतहुल्ला इमादुल्मुल्कानं केली, अचलपूरच्या इमादशाहीचा पहिला पुरुष. फिरिश्ता लिहितो की हा मूळचा विजयनगरकडचा कानडी पोरगा, लढाईत पकडला गेला अन् मुसलमान झाला. अन् शेवटी बेनीसिंगाचं नाव. किल्लेदार बेनीसिंग इथंच लढता लढता पडला. तुह्या लीड्सात वेलस्लीचा पुतळा हाये. बेनीसिंगाचं नाव किती जणायले माहीत हाये?

नरनाळ्याबद्दल दोघांचं एकमत झालं. अकोट तालुक्यात शहानूरच्या माथ्यावरचा हा किल्ला आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. वनखात्याच्या फाटकातून आत जावं लागतं, त्यामुळे गर्दी आवरते आणि कचराही आवरतो. १४८७ चा महाकाली दरवाजा विदर्भातल्या सर्वांत देखण्या दगडी कामांपैकी एक आहे, असं मी म्हणेन. त्याच्या कमानीवरची अक्षरं, दोन्ही बाजूंचे झरोके, दगडात उमललेली कमळं. जळगाव-धुळ्याकडून अजिंठ्याला जाणाऱ्या माणसानं एक दिवस वाकडी वाट करावी इतकं ते मोलाचं आहे. वर नऊगजी तोफ आहे, तलाव आहेत. तिथं दरवाजाखाली नुसतं बसून राहिलं तरी दुपार कमी पडते.

मग शकुंतला निघाली. इथं आवाज चढले.

भाची : यॉर्कचं रेल्वे संग्रहालय जगातल्या मोठ्या रेल्वे संग्रहालयांपैकी एक आहे. प्रवेश फुकट. वाफेच्या इंजिनाचा वेगाचा विक्रम १९३८ मध्ये ज्यानं केला ते मॅलार्ड इंजिन तिथं उभं आहे. आपल्याकडे शकुंतला होती. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, एकशे नव्वदच्या आसपास किलोमीटर नॅरोगेज. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या मालकीची, स्वातंत्र्यानंतरही. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. वऱ्हाडचा कापूस या रुळांवरून मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरला. अशी गाडी दार्जिलिंगसारखी पर्यटकांसाठी चालवली तर जगातून लोक येतील.

मामा : दार्जिलिंग नको सांगू मले. शकुंतला खेळणं नव्हती. दर्यापूरच्या बाया तिच्यानं मूर्तिजापूरच्या दवाखान्यात जात. अंजनगावची पोरं कालेजात जात. एसटीच्या निम्म्याहून कमी तिकीट. हळू जाये, वावरातून माणूस हात दाखवे अन् चढे, पण गरिबाले परवडे. ती बंद पडली तवा पर्यटक नाई रडले, डोक्यावर भाजीची पाटी घेणाऱ्या बाया रडल्या. आता तू म्हणते, तिले रंग लावा, हजार रुपये तिकीट लावा, काचेच्या खिडक्या लावा. मंग त्या बाया कुठी बसतीन?

भाची : पण तशीही ती बंदच आहे ना, मामा. पर्यटकांसाठी सुरू झाली तर रूळ तरी वाचतील. दोन डबे पाहुण्यांचे, बाकीचे गावाचे.

मामा : दोन डबे पाहुण्यायचे अन् बाकीचे गावाचे, हे मले मंजूर हाये. उलटं नाई.

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूनं आहे. जुनी वस्तू जपायची म्हणून तिचं काम काढून घेतलं की ती वस्तू उरते, तिचा अर्थ जातो. ब्रॉडगेजची मागणी या पट्ट्यात कित्येक वर्षं आहे, आणि ती करणारी माणसं प्रवासी आहेत. त्यांची गाडी आधी. पण मूर्तिजापूर किंवा अचलपूरच्या स्टेशनात एक इंजिन, चार डबे, जुनी तिकिटं आणि त्या गाडीनं प्रवास केलेल्या माणसांच्या आठवणी एका छपराखाली ठेवायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. प्रवास केलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांचं बोलणं टिपून घ्यायला आत्ताच सुरुवात करायला हवी.

भाचीनं मग यॉर्कची बाजू आणखी लावून धरली. तिथं हातात नकाशा मिळतो, प्रत्येक जागेची छोटी पुस्तिका मिळते, कुठल्या दारातून शिरावं आणि डावीकडे काय पाहावं हे लिहिलेलं असतं. आपल्याकडे ही परंपराच नाही, असं ती म्हणाली. मामांनी हात वर केला.

मामा : थांब. चौदाव्या शतकात मराठीत अशी पोथी लिहिली गेली. स्थानपोथी. महानुभाव पंथातल्या मुनिव्यासानं चक्रधरस्वामी जिथं जिथं राह्यले, बसले, जेवले, त्या जागा हिंडून शोधल्या अन् लिहून ठेवल्या. गावाच्या कोणत्या दिशेले देऊळ, त्याचं दार कोणत्या तोंडाचं, स्वामी कोणत्या कोपऱ्यात बसले, नदी कोणत्या हाताले. संशोधक कोलत्यायनं ती संपादून छापली. सातशे वर्षं होत आली, अन् पंथातले लोकं आजही त्या जागा पाहात, दंडवत घालत हिंडतात. अन् त्यायची काशी कुठी हाये? आपल्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरले. स्वामींचे गुरू गोविंदप्रभू तिथं राह्यले. म्हाइंभटानं लीळाचरित्र तिथं सिद्ध केलं. आता मराठी भाषेचं विद्यापीठ तिथंच निघालं.

भाची : हे मला माहीत नव्हतं.

मामा : तुह्या शाळेत कोनी सांगितलं नसन.

भाची : मग तीच पोथी समोर ठेवून रिद्धपूरला का नेत नाही आपण पाहुण्यांना? जगात किती गावं असतील, जिथं सातशे वर्षांपूर्वीचं वर्णन हातात घेऊन त्याच जागेवर उभं राहता येतं?

यावर मामांकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं आपल्या कुणाकडेच नाही. वऱ्हाडी माणसाला जागा पाहायची कळते, पण ती यात्रेच्या रूपानं. तिला तिथी लागते, सोबत लागते, खायचं-प्यायचं ठरलेलं लागतं. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला पूर्णेत बुडी, डिसेंबरअखेर सुरू होणारी नि महिनाभर चालणारी बहिरमची जत्रा आणि तिथलं हंडीतलं मटण नि रोडगे, कार्तिकात कौंडण्यपूर, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी खांद्यावरून आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला घालणाऱ्या कावडी. या दिवशी लाखो पावलं चालतात. उरलेले दिवस तीच जागा ओस असते. यॉर्कनं मिळवलं ते हे, की वर्षातल्या कुठल्याही मंगळवारी दुपारी एकटा आलेला अनोळखी माणूसही तिथं पाहुणा ठरतो.

भाची : आणि मामा, बाईमाणसाचा एक प्रश्न विचारते. तुम्ही पोरांना गाविलगडावर नेत होतात. मुलींना नेत होतात का?

मामा : कमी. घरचे पाठवत नसत.

भाची : घरचे का पाठवत नसत, तेही सांगा. दिवसभर जायचं कुठं, हा प्रश्न असतो. आजही वऱ्हाडात किल्ला किंवा जुनं देऊळ पाहायला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही. लासूरचं आनंदेश्वराचं देऊळ किती सुंदर आहे. दर्यापूर तालुक्यात, आडबाजूला, यादवकाळातलं, मधला मंडप वरून मोकळा, आकाश आत येतं. आईला घेऊन गेले होते. अर्ध्या तासात तिनं परत चल म्हटलं, कारण तेच होतं. यॉर्कमध्ये मिन्स्टरच्या आधी मला स्वच्छतागृहाची पाटी दिसली होती.

मामांनी याचं उत्तर दिलं, आणि तेच मला या साऱ्या बोलण्याचं सार वाटतं.

मामा : याच्यात विलायतेकडून काही शिकायचं नाई. हे आपल्या गाडगेबाबानं करून दाखवलं. शेंडगावचा माणूस, अंजनगाव तालुक्यातला. ऋणमोचनच्या जत्रेत लोकं चिखलात घसरायचे, म्हून त्यानं पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूरले जाये, पण देवळात नाई जाये. वाळवंट झाडे. त्यानं कोन्तं देऊळ बांधलं? धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी. चोखामेळ्याच्या नावानं बांधली, कारण ज्यायले कुठीच जागा नव्हती त्यायच्यासाठी ती होती. पाहुण्याले झोपाले कोरडी जागा, पाणी, चूल, अन् आजूबाजूले घाण नाई. बाबा १९५६ साली वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गेले, अमरावतीतच त्यायची समाधी हाये. आपण तिथं हार घालतो, अन् किल्ल्यावर गेलं की बाटल्या फेकून येतो.

भाची : मग आपलं भांडण कशावरून चाललंय?

मामा : काचेच्या पुलावरून. लोकं म्हणतात दरीवर काचेचा पूल पाहिजे, मोठाली हाटेलं पाहिजेत. मी म्हणतो, आधी धर्मशाळा.

भाची : मीही तेच म्हणते, फक्त तिला स्वागतकक्ष म्हणते.

पण भांडण पुरतं मिटलं नाही. भाचीला अजूनही वाटतं की हौजकटोऱ्यासारख्या जागेला तिकीट हवं. अचलपूरबाहेर तलावात उभा असलेला तो अष्टकोनी मनोरा पैशावाचून सांभाळला जाणार नाही, हे तिचं म्हणणं मला पटतं. मामांना वाटतं की तिकीट लागलं की शेजारच्या गावाची माणसं ती जागा आपली मानणं सोडतात. त्यांच्या या भीतीलाही आधार आहे. स्थानिकांना मोफत आणि बाहेरच्यांना माफक शुल्क, एवढ्यावर दोघं कदाचित येतील. त्या दिवशी आले नाहीत.

येणाऱ्यांसाठी मामांनी सांगितलेला मार्ग इथं देतो. मे महिन्यात वऱ्हाडात कुणाला बोलावू नये, अकोल्याचं ऊन पाहुण्याला सोसणार नाही. पोळा झाला की होळीपर्यंत केव्हाही यावं. पहिला दिवस अमरावतीचा. सकाळी परकोट आणि अंबादेवी-एकवीरा, दुपारी गिला वडा, मग गाडगेबाबांची समाधी. दुसरा अचलपूर आणि गाविलगड. वाटेत वेळ काढून सीमेपलीकडचं मुक्तागिरी पाहावं. डोंगराच्या कुशीत धबधब्याभोवती बावन्न जैन मंदिरं आहेत. तिसरा रिद्धपूरचा. चौथा अकोल्याकडचा. नरनाळा, आणि बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरची मिर्झाराजा जयसिंगाची छत्री. शिवरायांशी पुरंदरचा तह करणारा तोच हा राजा.

शेवटी भाचीनं यॉर्कची एक गोष्ट सांगितली. तिथं १९५१ पासून स्वयंसेवी वाटाडे आहेत. बरेचसे निवृत्त लोक. रोज ठरलेल्या वेळी एका चौकात उभे राहतात, जमलेल्यांना तासा-दोन तासात गाव दाखवतात. एक पैसा घेत नाहीत, बक्षिसीही नाही. त्यासाठी शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. मामा ऐकत राहिले. मग विचारलं, "परीक्षा कोन घेते?"

वऱ्हाडात निवृत्त शिक्षकांची वाण नाही. अचलपूर, अकोट, बाळापूर, दर्यापूर, मोर्शी, प्रत्येक तालुक्याच्या गावात आपल्या गावचा इतिहास तोंडपाठ असलेली, तब्येतीनं धडधाकट माणसं आहेत, आणि त्यांचं ऐकायला कुणी नाही अशी त्यांची खंत आहे. माझी त्यांना विनंती आहे की सरकारी योजनेची वाट पाहू नये. दोघा-तिघांनी एकत्र यावं, आपल्या गावच्या एका वाटेची माहिती पुस्तकांतून पडताळून घ्यावी, दंतकथा आणि इतिहास वेगवेगळे सांगायची शिस्त पाळावी, आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वेशीपाशी उभं राहावं. येणाऱ्यांत मुली असतील याची काळजी घ्यावी, वाटेवर स्वच्छतागृह कुठं आहे ते आधी शोधून ठेवावं. नसेल तर नगरपालिकेला पहिला अर्ज त्याचाच द्यावा.